मलेशिया : हॉटेलऐवजी तिथल्या घरांत राहून, कमी खर्चात (मुस्लिम बायकांसाठी नियोजन)

खाडीपलीकडे

एकटीने किंवा दोघींनी मलेशियाला जायचं, हॉटेलात न राहता तिथल्या लोकांच्या घरी उतरायचं, आणि नमाज, जेवण, पडदा यांतलं काही अडू द्यायचं नाही, हे कसं जमवायचं असं बऱ्याच जणी विचारतात. उत्तरं चार ठिकाणी विखुरलेली आहेत, म्हणून हा धागा. ज्यांना जे नक्की माहीत आहे ते त्यांनी लिहावं. प्रवासवर्णन नको, नुसती माहिती हवी.

मलेशियाच का? भारतीय पासपोर्टवर १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही आणि ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवलेली आहे. मुंबईहून थेट विमान पाच तासांच्या आसपास. तिथले मलय लोक शाफई (सुन्नी फिक्हच्या, म्हणजे धर्मनियमांच्या, चार पंथांपैकी एक; हनफी हा दुसरा), आपले कोकणी मुसलमानही शाफई, त्यामुळे नमाजाच्या वेळा, फजरचा कुनूत (पहाटेच्या नमाजातली दुआ), मासळीचं हलाल-हराम हे घरच्यासारखंच. आणि बसस्टँड, पेट्रोल पंप, मॉल, कुठेही बायकांच्या नमाजाची स्वतंत्र जागा मिळते. अशा नमाजखोलीला सुराउ म्हणतात. दिवसभर बाहेर राहून स्वस्तात फिरणाऱ्या बाईला या एका सोयीने किती मोकळं वाटतं, ते हिशेबात मांडता येत नाही.

आधी कागद. पासपोर्ट पोहोचायच्या दिवसापासून किमान सहा महिने वैध हवा. एमडीएसी नावाचं डिजिटल आगमनपत्र पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं. ते फुकट आहे. शोधताना पैसे मागणाऱ्या नकली साइट्स वर येतात, म्हणून थेट मलेशियाच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर जा. त्यात राहण्याचा पत्ता, राज्य, शहर आणि पिनकोड लागतो, म्हणजे यजमानाचा पूर्ण पत्ता हातात आल्याशिवाय फॉर्म पुरा होत नाही. 'पोहोचलीस की लोकेशन पाठवते' म्हणणाऱ्या घरावर पहिली रात्र कधीच टाकू नका. पहिली रात्र हॉस्टेलात, तोच पत्ता फॉर्मवर. नाव पासपोर्टवर आहे तसंच, 'बी', 'बेगम'सकट.

---

हिरवा_माड

चांगला धागा. कागदांत एक भर. पासपोर्टवर ईसीआरचा (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) शिक्का असेल, म्हणजे साधारणपणे दहावी झालेली नसेल, तर नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागणाऱ्या अठरा देशांच्या यादीत मलेशिया येतो. फिरायला जाणाऱ्यांना ही परवानगी, म्हणजे एमिग्रेशन क्लिअरन्स, लागत नाही, पण मुंबईच्या काउंटरवर 'नोकरीला तर चालली नाहीस ना' ही चौकशी होते. अशा बाईने परतीचं तिकीट, राहण्याचे पत्ते, पैशांचा पुरावा आणि प्रवास विमा हे सगळं छापून न्यावं. मोबाइलमध्ये आहे म्हणून भागत नाही. शक्य असेल तर जाण्याआधी दहावीच्या प्रमाणपत्राच्या आधारे पासपोर्टवरचा हा शिक्का काढून टाकून घ्यावा. अनेक जणींकडे प्रमाणपत्र असतं, फक्त पासपोर्ट काढताना ते जोडलेलं नसतं.

क्वालालंपूरच्या काउंटरवर चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. नकाब असेल तर बाई अधिकारी मागता येते, शांतपणे आधीच सांगायचं. बोटांच्या टोकांवर ताजी गडद मेंदी नको, ठसा नीट उमटत नाही.

---

सफरनामा

यजमान कुठे शोधायचे त्याबद्दल लिहितो.

लोकांच्या घरी फुकट उतरण्याच्या साइट्समध्ये काउचसर्फिंग सगळ्यांत मोठी, पण २०२० पासून बहुतेक देशांत वर्गणी भरल्याशिवाय आत जाता येत नाही. बीवेलकम आणि ट्रस्टरूट्स फुकट आहेत, ना-नफा तत्त्वावर चालतात, पण यजमान कमी आणि उत्तर उशिरा. सर्वास ही १९४९ पासूनची जुनी संस्था आहे. तिच्यात आधी मुलाखत होते, मग परिचयपत्र मिळतं, एका घरी साधारण दोन रात्री. वेळ जातो, पण घरं भरवशाची. फेसबुकवर 'होस्ट अ सिस्टर' हा फक्त बायकांचा गट आहे. बाई बाईला घरी उतरवते, पैशांचा व्यवहार नाही. गटात शिरलं म्हणजे माणूस तपासला गेला असं मात्र नाही. तपासणी आपल्यालाच करायची असते.

तपासणी म्हणजे काय, तर तीन गोष्टी. बायकांनी लिहिलेले अभिप्राय आधी वाचा. पुरुषांचे पन्नास चांगले अभिप्राय आपल्या उपयोगाचे नाहीत. दुसरं, दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, आणि त्यात घरातली बाई बोलली पाहिजे. आई, बायको, बहीण, कोणीही. 'ती लाजते', 'ती कामावर आहे' असं दोनदा झालं की ते घर सोडा. तिसरं, झोपायची खोली कोणती आणि आतून कडी आहे का, हे सरळ विचारा. चांगल्या घराला या प्रश्नाचा राग येत नाही.

काही साइट्सवर 'घरकामात मदत करा, राहायला-जेवायला फुकट' अशा जागा असतात. मलेशियात पर्यटक म्हणून आत आल्यावर ते काम धरलं जातं. पैसे घेतले नाहीत तरी. इमिग्रेशनवर 'मुलं सांभाळणार आहे' असं सहज बोलून गेलात तर तिथूनच परत पाठवू शकतात.

---

खाडीपलीकडे

सफरनामा, अगदी नेमकं. 'घरातली बाई बोलली पाहिजे' याला मलेशियात कायद्याचाही आधार आहे, ते ठळक लिहिते कारण बहुतेकींना माहीत नसतं.

तिथे मुसलमानांना शरियत फौजदारी कायदा लागू आहे. त्यात खलवत हा गुन्हा आहे : लग्नाचं किंवा महरमचं (ज्याच्याशी निकाह होऊच शकत नाही अशा जवळच्या नातलगाचं) नातं नसलेले बाई आणि पुरुष संशय यावा अशा एकांतात एकत्र सापडणं. संघीय प्रदेशांच्या, म्हणजे क्वालालंपूर, पुत्राजाया आणि लाबुआन यांच्या १९९७ च्या कायद्यात कलम २७ खाली ३,००० रिंगिटपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. प्रत्येक राज्याचा आपापला कायदा आहे. धार्मिक खात्याचे लोक रात्री घरांवर आणि हॉटेलांवर धाडी घालतात, बऱ्याचदा शेजाऱ्याच्या तक्रारीवरून. बिगरमुस्लिम बाईला हा कायदा लागत नाही, म्हणून इंटरनेटवरचे गोऱ्या पर्यटकांचे सल्ले इथे कुचकामी. 'एकट्या पुरुषाच्या फ्लॅटवर राहिले, छान माणूस होता' हे वाचून आपण तसं करायचं नाही. माणूस कितीही छान असो, आपण मुस्लिम, तो मुस्लिम आणि बंद घर, एवढं पुरे आहे. तो बिगरमुस्लिम असला तरी आपल्यावर खटला होऊ शकतो.

त्यातून येणारी अडचण : घर कुटुंबाचं म्हणून ठरलं आणि पोहोचल्यावर कळलं की बायको माहेरी गेली आहे. त्या रात्री थांबायचं नाही. दाराबाहेरच सामान ठेवून 'मकचिक (घरातली मोठी बाई) आल्यावर येते' म्हणायचं आणि हॉस्टेलला जायचं. यासाठी प्रत्येक मुक्कामाच्या गावातलं एक स्वस्त हॉस्टेल आधीच पाहून ठेवायचं आणि शंभर रिंगिट रोख वेगळे ठेवायचे, ते दुसऱ्या कशाला काढायचे नाहीत.

नवऱ्याबरोबर जाणाऱ्यांनी विवाह नोंदणीचं इंग्रजी प्रमाणपत्र न्यावं. उर्दू निकाहनामा तिथे पटकन वाचता येत नाही, आणि आपल्याकडे नवरा-बायकोची आडनावं पासपोर्टवर बऱ्याचदा वेगळी असतात.

---

औरंगपुरा

'होमस्टे' या शब्दाबद्दल सावध करावंसं वाटतं. मलेशियात रस्तोरस्ती 'होमस्टे' अशा पाट्या दिसतात. त्यातल्या बहुतेक म्हणजे रिकामं घर भाड्याने, यजमान कोणी नाही. चार-पाच कुटुंबं मिळून लग्नाला आली की घेतात तसं. एकट्या बाईला ते महागही आणि निरुपयोगीही.

आपल्याला हवी ती सरकारी नोंदणीची योजना. तिची सुरुवात १९९५ मध्ये पाहांग राज्यात तेमर्लोहजवळच्या देसा मुर्नीपासून झाली. गावातली ठरावीक घरं पर्यटन मंत्रालयाकडे नोंदवलेली असतात, पाहुणी कुटुंबासोबत राहते, त्यांच्या ताटात जेवते. सेपांगजवळचं बांगहुरिस याच प्रकारातलं, विमानतळापासून लांब नाही. परदेशी पर्यटकांना हॉटेलात खोलीमागे रात्रीला १० रिंगिट पर्यटन कर लागतो, तो या नोंदणीकृत गावघरांना नाही.

अडचण एकच : पुष्कळ गावं गटाने येणाऱ्यांचंच आरक्षण घेतात. एकटीने विचारलं तर 'किमान इतके जण' असं उत्तर येतं. त्यावर उपाय म्हणजे गावच्या समन्वयकाला व्हॉट्सॅप करून विचारायचं, 'त्या आठवड्यात एखादा गट येतो आहे का, मी त्यात सामील होऊ का?' शाळा-कॉलेजचे गट सतत येत असतात. दर माणशी, जेवण धरून की वगळून, हे लेखी घ्या.

---

निळी_छत्री

मी बिगरमुस्लिम आहे पण धागा मन लावून वाचते आहे. मैत्रिणीला हा दुवा पाठवला. यजमानाला पहिला मेसेज नेमका काय लिहायचा? 'मी मुस्लिम आहे, नमाज पढते' हे सुरुवातीलाच लिहावं का?

---

सफरनामा

@निळी_छत्री, हो, सुरुवातीलाच. सलामाने सुरुवात, मग नाव, गाव, वय, एकटी की दोघी. कोणत्या तारखेला किती वाजता येणार आणि किती वाजता जाणार. दोन रात्री मागा, तिसरी त्यांनी म्हटलं तर. खाण्यातलं काय चालत नाही. सामान किती. आणि त्यांच्या प्रोफाइलमधली एखादी गोष्ट, जेणेकरून एकच मेसेज वीस जणांना पाठवलेला नाही हे कळावं. मुक्कामाच्या दोन-तीन आठवडे आधी लिहा. दोन महिने आधी लिहिलं तर लोक विसरतात.

'फक्त बाई यजमान किंवा कुटुंब' हे स्वतःच्या प्रोफाइलवरही लिहून ठेवा, म्हणजे एकट्या पुरुषांचे मेसेज बरेच कमी होतात.

मलय माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. 'इन्शाअल्लाह, बघू' हे उत्तर होकार धरू नका. चार दिवस आधी पुन्हा विचारा आणि स्पष्ट 'ये' असं आलं तरच तो मुक्काम पक्का.

---

तिखटमीठ

खाण्याचं मी लिहिते.

बाहेर खाताना जाकीमचं (मलेशिया सरकारच्या इस्लामी खात्याचं) हलाल चिन्ह पाहायचं, मध्ये आठ टोकांचा तारा असलेलं गोल. 'नो पोर्क, नो लार्ड' ही पाटी म्हणजे हलाल नव्हे. डुकराचं मांस नाही इतकंच ते सांगतात. कोंबडी कुठली, भांडी कुठली, रसात दारू आहे का, यातलं काहीच त्यात येत नाही. मलय बाईची टपरी किंवा मामाक, म्हणजे तिथल्या भारतीय मुसलमानांचं हॉटेल, असेल तर चिन्ह नसलं तरी लोक निर्धास्त खातात.

मामाकमध्ये रोटी चनाई दीड-अडीच रिंगिट, तेह तारिक (दुधाचा चहा) दोन-तीन, भात आणि दोन कालवणं आठ-बारा. एका रिंगिटला साधारण वीस-बावीस रुपये धरा. भाताच्या दुकानात ताट आपणच वाढून घ्यायचं असतं आणि मग हिशेब होतो. मोठी कोळंबी किंवा मोठा मासा उचलला की ताट पंचवीसवर जातं. घेण्याआधी 'बरापा?' (किती?) विचारा.

घराघरात सांबाल असतो आणि सांबालात बलाचान असतं, म्हणजे कोळंबीचा कुटून आंबवलेला गोळा. आपल्या सुकटीच्या चटणीची सवय असलेल्यांना तो आवडतो.

---

औरंगपुरा

तिखटमीठ, बलाचानचा मुद्दा मराठवाड्यातल्या आणि खानदेशातल्या हनफी बायकांनी लक्षात ठेवावा. हनफी मतात पाण्यातला मासाच तेवढा हलाल. कोळंबीबद्दल मतभेद आहेत, खेकडा आणि माकूळ नाहीच. शाफई यजमानिणीला हे सुचतही नाही, कारण तिच्या दृष्टीने समुद्रातलं सगळं हलाल. ती प्रेमाने माकळाचं कालवण पुढे ठेवणार. म्हणून आधीच सांगायचं : 'साया तक माकान उदांग, सोतोंग, केताम, बलाचान.' अनुक्रमे कोळंबी, माकूळ, खेकडा, बलाचान. मग ती 'इकान' म्हणजे मासे करते आणि कोणाचंही मन दुखत नाही.

असरचं, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाचंही तसंच. त्यांची असर शाफई वेळेला, आपली तासभर उशिरा. जमात (सामूहिक नमाज) त्यांच्याबरोबर करायची की नंतर स्वतंत्र, हे घरच्या आलिमांना विचारून ठरवून जा, तिथे घोळ नको. मोबाइलच्या ॲपमध्ये देश मलेशिया केला की पद्धत जाकीमची होते आणि असर आपोआप शाफई दाखवली जाते, ती हनफी करायला विसरू नका.

प्रवासातल्या कसरचा, म्हणजे नमाज आखूड करण्याचा, फरक : शाफई मताने एका ठिकाणी पोहोचण्या-निघण्याचे दिवस सोडून पूर्ण चार दिवस थांबायचा इरादा असेल तर पूर्ण नमाज, हनफी मताने पंधरा दिवस. जोहर-असर (दुपारच्या) किंवा मगरिब-इशा (सूर्यास्ताच्या आणि रात्रीच्या) नमाज एकत्र करणं शाफईंना प्रवासात चालतं, हनफींना चालत नाही. त्यामुळे बसच्या वेळा ठरवताना हनफी बाईला जास्त थांबे लागतात.

---

लाटेवरची

किबला, म्हणजे नमाजाची दिशा : क्वालालंपूरहून साधारण २९२ अंश, म्हणजे पश्चिमेच्या बावीसेक अंश उत्तरेला. मुंबईच्या सवयीने सरळ पश्चिमेला तोंड केलं तर चुकतं. घरात 'किब्लात अराह माना?' विचारलं की झालं.

सुराउमध्ये तेलकुंग टांगलेले असतात, डोक्यापासून पावलांपर्यंत झाकणारा सैल पांढरा नमाजी पोशाख. बाहेरच्या सुराउमधले ते दिवसभरात अनेक जणी वापरतात, घामाचा वास येतो. आपली एक पातळ मोठी ओढणी आणि मोजे पिशवीत ठेवा, वजन दोनशे ग्रॅमही होत नाही. पाट्यांवरचे शब्द : 'पेरेम्पुआन' किंवा 'वनिता' म्हणजे बायका, 'तमपात वुदुक' म्हणजे वजूची (नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्याची) जागा, 'तंदास' म्हणजे संडास. पाण्याची नळी सगळीकडे असते.

वेळा वर्षभर फारशा हलत नाहीत, विषुववृत्त जवळ आहे ना. मगरिब सात ते साडेसातच्या मध्ये. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे.

---

खाडीपलीकडे

घरात वागण्याचं.

मगरिबच्या वेळेला कोणाच्या दारात जाऊ नका. असरनंतर लगेच किंवा इशानंतर. चपला बाहेर. घरातल्या मोठ्या बाईला मकचिक, पुरुषाला पाकचिक, आपल्याहून थोड्या मोठ्या बाईला काक. मोठ्या बाईचा हात दोन्ही हातांत घेऊन मग आपला हात छातीला लावायचा. घरातले पुरुष हात पुढे करत नाहीत, आपणही करायचा नाही, मान लववली की पुरे. काही दाखवायचं तर तर्जनी नाही, मूठ मिटून अंगठ्याने.

गावाकडच्या घरात न्हाणीघर मागच्या बाजूला असतं. बाया छातीवर सुती सारोंग बांधून येतात-जातात. आपल्याला ते जमणार नसेल तर सैल मॅक्सी आणि ओढणी न्या. केस पुसायला वेगळा पंचा. घरात तरुण मुलगा किंवा दीर असेल तर स्वयंपाकघरात जातानाही डोकं झाकलेलं लागतं, त्यासाठी पटकन चढवता येईल असा शिवलेला हिजाब बरा. पिनांचा नको.

पाळीबद्दल स्पष्ट लिहिते. तिथे 'उजुर' हा शब्द चालतो. 'साया उजुर' म्हटलं की यजमानीण फजरला उठवत नाही आणि प्रश्नही विचारत नाही. पुष्कळ मलय घरांत पॅड धुऊन, कागदात गुंडाळून मगच टाकायची पद्धत आहे. न धुता टाकलेलं त्यांना फार खटकतं. कुठे टाकायचं ते पहिल्याच दिवशी मकचिकला विचारून घ्या.

---

हिरवा_माड

रमजानात जाऊ का, असं एकीने खासगी निरोपात विचारलं. जावं, घरी राहणाऱ्या पाहुणीसाठी सुंदर महिना. पण दोन गोष्टी. मुसलमानाने दिवसा उघड्यावर खाणं तिथे दंडाला पात्र आहे. पाळी असली, प्रवासात असलात, तरी सबब असली म्हणून रस्त्यावर पाण्याची बाटली तोंडाला लावू नका, दुकानदारही मुस्लिम गिऱ्हाइकाला दिवसा जेवण द्यायला नकार देतो. आणि ईदच्या आधीचा आठवडा टाळा. सगळा देश गावाला निघतो, त्याला ते 'बालिक कांपुंग' म्हणतात, बसची तिकिटं मिळत नाहीत आणि यजमानही घरी नसतात.

---

सफरनामा

फिरण्याचा खर्च.

विमानतळ ते केएल सेंट्रल (क्वालालंपूरचं मुख्य रेल्वे स्थानक) : वेगवान गाडी ५५ रिंगिट, बस साधारण १५. बसने जा, तासाभराचा फरकही पडत नाही. केटीएम कोम्युटर गाड्यांत मधला डबा बायकांचा असतो, गुलाबी खुणा पाहून उभं राहा.

लांबच्या बहुतेक बस बंदार तासिक सेलातान स्थानकाला लागून असलेल्या टीबीएस टर्मिनलवरून. मलाका दोन-अडीच तास, कोता भारू आठ-नऊ तास. या बसमध्ये बहुधा एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक अशी आसनं असतात. ऑनलाइन काढताना एकेरी रांगेतलं आसन निवडा, शेजारी कोण येईल ही चिंता मिटते. रात्रीच्या बसने पहाटे चारला पोहोचणं टाळा. यजमानाच्या दारात त्या वेळी जाता येत नाही.

दहा दिवसांचा अंदाज, विमान वगळून, सहा रात्री घरांत आणि चार हॉस्टेलात : हॉस्टेल १८०, खाणं ३००, विमानतळ येणं-जाणं ३०, मलाका ३०, कोता भारू जाऊन-येऊन १००, शहरातलं फिरणं ६०, सिमकार्ड ३०, यजमानांकडे नेलेल्या वस्तू आणि बाजार १००. एकूण ८३० रिंगिट, म्हणजे सतरा-अठरा हजार रुपये. विमा वेगळा. वर सांगितलेले शंभर रिंगिट वेगळे.

चार्जिंगसाठी तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर इथूनच न्या.

---

लाटेवरची

कोता भारूला जाणारच असाल तर दोन ओळी. केलांतान राज्यात साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार असते, शुक्रवारी दुपारी सगळं बंद. पासार सिती खदीजा हा बाजार हजरत खदीजांच्या नावाचा, आणि तिथल्या बहुतेक विक्रेत्या बायकाच. एकट्या बाईला निवांत बसून खाता येतं, निळा भात म्हणजे नासी केराबू तिथेच खावा. नोव्हेंबर ते जानेवारी पूर्व किनाऱ्यावर धो धो पाऊस आणि पूर, तेव्हा मलाका आणि पेनांगचा बेत करा. पेनांगला जॉर्जटाउनमध्ये १८०१ ची कपितान केलिंग मशीद आहे, भारतीय मुसलमानांनी बांधलेली.

---

दर्यावर्दी

सगळं ठीक, पण महरमशिवाय प्रवास जायज आहे का याबद्दल कोणीच लिहिलं नाही.

---

खाडीपलीकडे

@दर्यावर्दी, सलाम. आलिमांची मतं एक नाहीत. मूळ हदीस महरमची अट सांगते. शाफई फिक्हमध्ये फर्ज हजला भरवशाच्या बायकांच्या सोबतीने जायला परवानगी आहे. नफली (ऐच्छिक) प्रवासाला ती लागू होते का, यावर पुन्हा मतभेद. ज्या बाईला हा प्रश्न आहे तिने आपल्या आलिमांना विचारून, मनाचं समाधान करूनच निघावं. धागा त्यापुढच्या पायरीचा आहे. व्यवहाराच्या दृष्टीने मात्र दोघी मिळून जाणं मी नेहमीच सुचवेन. हॉस्टेलचा खर्च तेवढाच राहतो, टॅक्सी निम्मी होते, आणि खलवतचा धोका जवळजवळ उरत नाही.

---

हिरवा_माड

सुरक्षेचं राहिलं होतं. पोलीस आणि रुग्णवाहिका ९९९. बायकांच्या तक्रारींसाठी तालियान कासिह १५९९९. घरच्यांना रोज एका ठरलेल्या वेळी मेसेज, आणि यजमानाचा पत्ता-फोन त्यांच्याकडे लिहून. परतताना कोणाचंही पार्सल घेऊ नका, यजमानाच्या ओळखीच्यांचंही. अमली पदार्थांसाठी फाशी सक्तीची राहिली नाही हे २०२३ मध्ये बदललं, पण ती शिक्षा अजून कायद्यात आहे, आणि ऑनलाइन ओळख वाढवून बायकांच्या हाती बॅग देण्याचा प्रकार जुना आहे.

---

निळी_छत्री

शेवटचा प्रश्न. यजमानाला पैसे द्यायचे नाहीत, तर काय न्यावं?

---

तिखटमीठ

@निळी_छत्री, कोकणातले काजू, सीलबंद पाकिटात, अर्धा किलो. सुती ओढणी. अल्कोहोल नसलेलं अत्तर. मांस, बिया, रोपं अजिबात नाहीत, कस्टम्सवर अडतं. तिथे पोहोचल्यावर फळं, अंडी, तांदूळ आणून द्या. रोख दिलं तर बहुतेक घरी ओशाळतात.

त्याहून चांगलं म्हणजे एक जेवण रांधा. त्यांना त्याची फार अपूर्वाई असते. तांदळाची भाकरी सहज होते. पीठ 'तेपुंग बेरास' म्हणून कोणत्याही दुकानात, पण ते फार बारीक असतं, म्हणून वाटीला वाटीभर उकळतं पाणी, चिमूट मीठ, उकड काढून झाकून दहा मिनिटं, मग गरम असतानाच मळा. थंड पाण्यात भिजवलं तर थापताना कडा फुटतात. नारळाचं दूध म्हणजे 'सांतान', बाजारात ताजं पिळून मिळतं. कोकम मिळत नाही. त्याऐवजी 'असाम केपिंग' वापरा, कोकमाच्याच कुळातल्या फळाच्या वाळवलेल्या चकत्या. चार वाट्या सोलकढीला पाच-सहा चकत्या अर्धा तास कोमट पाण्यात. आंबटपणा जमतो, रंग मात्र लाल येत नाही, पांढुरकाच राहतो. लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर तीच. मकचिक तिखट खातात, मिरची कमी करू नका.

---

औरंगपुरा

वाचनखूण साठवली. एक जोड : या साइट्सवर आज ना उद्या तिकडची बाई आपल्याकडे उतरायला येते. भारतात परदेशी पाहुणी घरी ठेवली, अगदी फुकट ठेवली, तरी चोवीस तासांत एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या) साइटवर तिची नोंद करावी लागते. त्यासाठी आपलं घर आधी तिथे नोंदवावं लागतं, ते मंजूर व्हायला वेळ लागतो. ती विमानात बसल्यावर नाही, महिनाभर आधी सुरू करा.